पूल वर होता

हॉलंडमधल्या काम्पन गावात उशिरा येणाऱ्याला एकच सबब पुरते. पूल वर होता. गाव आयसेल नदीच्या एका काठाला, स्टेशन दुसऱ्या काठाला. वाळूचं जहाज आलं की घंटा वाजते, दांडा आडवा पडतो, पुलाचा मधला भाग वर उचलला जातो आणि पाद्रीबुवांपासून नवरदेवापर्यंत सगळे मुकाट्याने उभे राहतात. या सबबीवर कोणी वाद घालत नाही. वेळेच्या एवढ्या पक्क्या फेमीनेसुद्धा ती आयुष्यात बऱ्याचदा वापरली होती.

फेमीची उमेदीची सगळी वर्षं पडद्यांच्या दुकानात गेली. आमच्याकडे लोक हौसेने पडदे शिवून घेतात आणि ओढत मात्र कधीच नाहीत. घरात लपवण्यासारखं काही नाही हे रस्त्यावरच्यांना कळायला नको का! फेमीला मूलबाळ नव्हतं. ती आणि नवरा लुबर्ट, दोघांचा दिवस आखून दिलेला. कॉफीबरोबर एक बिस्कीट, की डब्याचं झाकण बंद. बुधवारी खिम्याचे गोळे. सहाला जेवण. पाहुण्याने आधी कळवून यावं आणि सहाच्या आत आपण होऊन उठावं, हे इथे शाळकरी पोरांनाही सांगावं लागत नाही.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी सकाळपासून पाऊस नुसता झोडपत होता. दुपार कलताना बेल वाजली. दारात एक उंच मुलगी, नखशिखांत भिजलेली.

"फेमीमावशी, मी पालिना."

फेमीने तिला आत ओढलंच. पालिना! चेर्नोबिलच्या झळा सोसलेल्या मुलुखातून चर्चमार्फत मुलं उन्हाळ्यात हवापालटाला यायची, त्यांतली. बेलारूसची. लागोपाठ पाच उन्हाळे या घरात राहिलेली.

"अगं, केवढी झालीस! आणि न कळवता?"

"जर्मनीत शिकायला आलेय. आज तास नव्हते. म्हटलं, एका दिवसात जाऊन यावं."

"आणि दिवस बरा निवडलास," लुबर्ट म्हणाला. "बेडूकसुद्धा आज घरी बसलेत."

"काका, तुम्ही अजून तेच विनोद करता?"

"नवीन कुठे मिळतात?"

मुलगी हसली. फेमीने टॉवेल दिला, कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं. लहानपणची डच भाषा पालिनाला अडखळत का होईना, येत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "आई गेली मार्चमध्ये. आता तिकडे तसं कोणी नाही."

"अरेरे, पोरी!" फेमीने तिच्या हातावर हात ठेवला. आमच्याकडच्या माणसांचं हे असं. मन भरून येतं आणि तोंडाला कुलूप बसतं.

खिडकीबाहेर अंधारून आलं. फेमी मध्येच उठून बटाट्यांखालचा जाळ कमी करून आली. पालिनाने मान वर करून वास घेतला. "आज बुधवार! खिम्याचे गोळे ना? आणि जेवण झाल्यावर काका बायबल वाचायचे, मला झोप यायची."

"अजून वाचतो," लुबर्ट म्हणाला. "आता मलाच झोप येते."

पुन्हा हसणं झालं आणि विरलं. पालिना उठेना. लुबर्टने घड्याळाकडे पाहिलं. फेमीचं मन स्वयंपाकघरात. कढईत गोळे दोन. बटाटे दोघांपुरते मोजून सोललेले. माणसाला जेवायला बसवायचं तर ताटात नीट वाढायला नको? अर्धामुर्धा तुकडा पुढे ठेवायचा म्हणजे लाजच. ही आता उठेल, मग उठेल, असं करता करता सहाचे टोले पडले आणि फेमीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बरं तर मग. आमची जेवायची वेळ झाली."

पालिना चटकन उठली. "हो, हो. मलाही गाडी गाठायचीय." तिने ओला कोट चढवला, दोघांच्या गालांवर ओठ टेकले आणि ती गेली. उघड्या पडद्यांतून तिला टेबल दिसलं असणार. दोन ताटं. तिने हात हलवला.

दोघं बसले. लुबर्टने प्रार्थना म्हटली. फेमीने डोळे उघडले, तर समोर भिंतीलगतची तिसरी खुर्ची. आणि तिला पहिला उन्हाळा आठवला. आठ वर्षांची ती किडकिडीत पोर उशीखाली पावाचे तुकडे लपवायची. फेमीने ते सापडल्यावर तिला कुशीत घेऊन सांगितलं होतं, "या घरात भूक लागली की सरळ यायचं. विचारायचं नाही."

म्हणून ती विचारून आली नव्हती!

फेमीचा घास हातातच राहिला. तिने आपला गोळा आणि बटाटे डब्यात भरले, कोट अडकवला आणि सायकल काढली. लुबर्ट मागून ओरडला, "अगं, छत्री!" पण वाऱ्यात छत्री काय कामाची? ती नदीपर्यंत धापा टाकत आली. घंटा वाजली. दांडा तिच्या नाकासमोर आडवा पडला.

पूल वर गेला. खालून वाळूचं जहाज रमतगमत निघालं. पलीकडे स्टेशनात गाडी उभी होती, डब्यांतले दिवे दिसत होते. "पालिना!" फेमी ओरडली. शेजारचा सायकलवाला दचकला. "बाई, इथून कुणाला ऐकू जाणार?" तिलाही ते कळत होतं. तरी ती पुन्हा ओरडली. तिने दांडा दोन्ही हातांनी धरला, जणू तो तिच्याने उचलला जाणार होता. जहाजाचं शेपूट पुलाखालून निघायच्या आत दिव्यांची ती ओळ हलली आणि अंधारात गेली. मुलीचा फोन नंबर घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

पूल खाली आला. लोक आपापल्या वाटेने निघाले. फेमीने सायकल उलटी वळवली.

घरात लुबर्ट टेबलाशी तसाच बसलेला. त्याने तिसरं ताट मांडलं होतं. खुर्ची ओढून ठेवली होती. आपल्या गोळ्याचे दोन तुकडे करून एक त्या ताटात ठेवला होता. सुरीचं एवढंसं काम.

"भेटली?"

फेमीच्या केसांतून पाणी गळत होतं. डबा तिने छातीशी धरला होता.

"पूल वर होता," ती म्हणाली.

लुबर्टने मान हलवली. मग त्या तिसऱ्या ताटाकडे पाहिलं.

"आपण तिला उठवलं, फेमी," तो म्हणाला, "तेव्हा पूल खालीच होता."