दिव्यांवरचा हात

कात्रपमधल्या आमच्या रस्त्याचे दिवे माझे बाबा लावायचे. त्यासाठी शिडी नको, काठी नको; नाक्यावरची लोखंडी पेटी किल्लीने उघडायची आणि खटका ओढायचा. दिवे लागले की येणारीजाणारी माणसं सवयीने हात जोडत, आणि बाबा पेटीपाशी उभे राहून तो नमस्कार मान हलवून स्वीकारत. स्वतः मात्र कधी हात जोडत नसत. म्हणत, "आपणच लावलेल्याला आपण काय नमस्कार करायचा?"

मग पेटीच्या डोक्यावर काचेचा एक डोळा बसवला गेला. अंधार पडला की तोच दिवे लावणार. बसवणारा बाबांची किल्ली खिशात टाकत म्हणाला, "काका, आता टेन्शन नाय. सगळं ऑटोमॅटिक."

"मग मी काय ऑटोमॅटिक घरी बसू?"

आठवडाभर ते धड जेवले नाहीत. मग एका संध्याकाळी त्यांनी जाऊन त्या डोळ्यावर तळहात ठेवला. डोळ्याला वाटलं, रात्र झाली. दिवे लागले! हात काढला, विझले. म्हणजे खरा अंधार पडेपर्यंत हात तिथेच ठेवणं आलं. तेव्हापासून रोज वीस मिनिटं बाबा पेटीवर हात ठेवून उभे. आई खाली चहा नेई, तो ते डाव्या हाताने पीत. पाऊस असला तर ती छत्रीही धरी. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

लाज मला वाटायची. ऑफिसातून येताना मी नाक्याआधीच रिक्षातून उतरून मागच्या गल्लीने घर गाठायची. एकदा चिडून म्हणालेच, "तुमच्या हातावाचून कुणाचं काही अडत नाही, बाबा." दुसऱ्या दिवशीही ते वेळेवर गेले.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. तीन जिने उतरणं बंद. खिडकीत बसून घड्याळ बघत राहायचे, आणि ताट पुन्हा तसंच परत जाऊ लागलं. माझं ते वाक्य मला घासागणिक टोचायचं.

परवा मी खाली गेले. डोळ्यावर हात ठेवला. काच उन्हाने अजून कोमट होती. दिवे लागले. समोरच्या भाजीवालीने हात जोडले आणि माझी मान आपोआप हलली.

वर पाहिलं. खिडकीत बाबांनी दोन्ही हात जोडले होते. जन्मात पहिल्यांदा. मला भरून आलं, डोळे पुसायला मी हात उचलणार, तोच ते वरून ओरडले,

"अगं हात काढू नको! विझतील!"