अडीच सुताचं गाढव

अहमदपूरच्या स्टँडमागं गुरुबसप्पाचं गॅरेज हाय, आणि तिथं गाडी दुरुस्त व्हायच्या आधी मागच्या मिस्त्र्याचा उद्धार होतो. गुरुबसप्पा इंजिन उघडतो, चष्मा कपाळावर सरकवतो, आत बॅटरी मारतो आणि जो कुणी आधी त्यात हात घालून गेला त्याच्या सात पिढ्या बाहेर काढतो. चाळीस वर्षं हेच चालू हाय. "माझ्या हातानं बोल्टाचा एक आटा गेला न्हाई आजपर्यंत," हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हणलंय की आता बायको गंगम्मा त्याच्याआधीच म्हणून टाकते.

गंगम्मा उदगीरची. दुकानातच बसून बोल्ट निवडते, एका डब्यात एमएमचे, दुसऱ्यात सुताचे, म्हणजे जुन्या इंची मापाचे. जुन्या बुलेटला सुताचे लागतात. आता अडीच सुताचा बोल्ट आणि आठ एमएमचा बोल्ट दिसायला जुळे भाऊ, जाडी जवळपास तीच, पण आट्यांची चाल वेगळी. एकाच्या भोकात दुसरा घातला की दोन फेरे गोडीत जातो आणि मग अडतो. तिथं थांबला तो मिस्त्री. पान्याला पाईप लावून दाबला तो गाढव.

रेणापूरच्या मंजुश्री मॅडम पप्पांची जुनी बुलेट घेऊन आल्या, तर इंजिनात असंच एक गाढव येऊन गेलेलं.

"बघ माय, वरच्या आट्यांची पार चटणी केलीय," गुरुबसप्पा सुरू झाला. "कोण होता हा हेला? महादेवानं हात दिले होते का खुरं?"

मंजुश्रीला हसू फुटलं. "आप्पा, नीट होईल ना पण?"

"खालचे आटे जिवंत हायेत, टॅप फिरवून आटे परत कापले की होतंय. पण त्या नालायकाला इथं आणून उभा करा, आधी त्याच्या टाळक्यात मारतो!"

भोक रॉकेलनं धुतलं. कीस इंजिनात पडू नये म्हणून टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं. मग अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. पुढं जाताना मोठी शिवी, मागं येताना लहान.

"ही आधी कुठं उघडली होती गं?" गंगम्मानं सहज विचारलं.

"एकदाच, लातूरला. मी झाले त्या वर्षी. पोरगेला मिस्त्री होता म्हणे, नवंच लग्न झालेलं, सगळं काम डाव्या हातानं करायचा. बायकोला पिक्चरला न्यायचं म्हणून गडबडीत कुठला तरी बोल्ट कोंबला आणि पळाला. पप्पा अजून सांगतात."

टॅप थांबला. गुरुबसप्पाचा डावा हात दांड्यावर तसाच राहिला.

"अय्यो," गंगम्मा एवढंच म्हणाली आणि त्याच्याकडं बघत बसली.

मंजुश्री फोनमध्ये गुंग. तिला काय कळलं न्हाई. गप बसलं की झालं, चाळीस वर्षांची शान शाबूत. गुरुबसप्पानं उरलेले फेरे एकही शिवी न देता मारले, कीस पुसला, सुताच्या डब्यातला बोल्ट लावला. नुसत्या बोटांनी लोण्यात गेल्यासारखा आत गेला.

"काय आप्पा, शिव्या संपल्या का?" मंजुश्रीनं मान वर केली.

गुरुबसप्पानं फडक्याला हात पुसले. परत पुसले.

"तो हेला मीच हाय, माय."

मंजुश्रीनं फोन खाली ठेवला. मग गालात हसली. "मग शिव्या परत घेताय का?"

"परत कशाला? शिव्या बरोबरच होत्या. पत्ता म्हाईत नव्हता फक्त."

ती बुलेट धडधडत गेली. त्यानंतर गुरुबसप्पानं तीन गाड्या उघडल्या आणि तोंडातून ब्र काढला न्हाई. गिऱ्हाईकं घाबरली. बालाजी टमटमवाल्यानं तर गंगम्माला बाजूला घेऊन विचारलं, "आप्पांचं बीपी बिपी वाढलं का?"

"बीपीला काय धाड भरलीय," गंगम्मा म्हणाली. "लातूरला असताना कोणकोणत्या गाड्या उघडल्या, ते आठवायलेत."