ओलेटाचं काडतूस आणि पत्र्याची भिंत

आमच्या वस्तीत ओलेटा क्रॅबट्रीला सल्ला देणारे पुष्कळ आहेत, पण तिनं कुणाचा सल्ला ऐकल्याचं पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला. या खोऱ्यातल्या दोन पिढ्यांच्या ताटात कुस्करलेला बटाटा पडला तो तिच्याच डावानं. माणूस शेरीफच्या पोलीसकचेरीत असो की बँकेत, तिला तो अजूनही गाजरं टाकून देणारा पोरगाच वाटतो, आणि ती तसं तोंडावर म्हणते. सांधेदुखीनं तिची बोटं वाकडी झालीत. जीभ मात्र सरळ आहे, नको तितकी.

तिचं घर माझ्या शेजारी. अमेरिकेतल्या ओझार्कच्या या डोंगरात आमच्यासारख्यांची घरं म्हणजे ट्रेलर, चाकांवर ओढून आणलेले लांबट डबे. बाहेरून पत्रा, आतून पातळ फळी आणि मधे थोडा कापूस. ती तिकडे शिंकली की माझ्या दोन्ही पोरी इकडून "देव भलं करो, मिस ओलेटा!" म्हणून ओरडतात; आमच्याकडे थोरल्या बाईला मानानं मिस म्हणतात. तिचं दार माझ्या बाजूला उघडतं. त्याच्या समोर माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि खिडकीला लागून मुलींचा पलंग. हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळं घडलं ते यामुळेच.

त्या वसंतात रॉयस तुरुंगातून सुटणार होता. रॉयस म्हणजे तिचा एके काळचा नवरा. त्यानं तिचा जबडा मोडला होता, आणि आता सुटताच आधी घरी येणार असल्याचं पाद्र्याकडून कळवलं होतं. कोर्टानं त्याला तिच्या दाराशी फिरकायची बंदी केली होती. "त्या कागदानं माशी तरी मरेल का?" ओलेटा म्हणायची. टल्सा शहरातून तिची बहीण रोज फोन करायची, सगळं सोड आणि इकडे ये म्हणायची. ओलेटा अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "हे घर मी गाजरं चिरून चिरून घेतलंय! हात त्यानं उगारला ना? मग गाव त्यानं सोडावं. मी का सोडू?"

मला विचाराल तर तिचं शंभर टक्के बरोबर होतं. मार खाल्लेल्या बाईनंच बोचकं उचलायचं, हा कुठला न्याय?

तिच्याकडे वडिलांचं जुनं रिव्हॉल्वर होतं, अडतीस बोअरचं. तिची गाडी बंद पडलेली, म्हणून मीच तिला खडीच्या खाणीवर सरावाला घेऊन गेले. तिनं ऐटीत नेम धरला आणि घोडा दाबला. टक. पुन्हा दाबला. टक. तिसऱ्या वेळी एक गोळी कशीबशी फुसकन निघाली आणि पुढ्यातच पडली.

"मिस ओलेटा, ही काडतुसं कुठली?"

"बापाचीच आहेत. दर नाताळला तेल देते मी. हत्यार कोरडं ठेवू नये म्हणायचा तो."

"रिव्हॉल्वरला ना?"

"रिव्हॉल्वरला आणि काडतुसांनाही." मग तिचं तिलाच उमगलं. तेल मुरून आतली दारू मेली होती. ती काडतुसांकडे बघत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी उशाशी खडे घेऊन झोपत होते," ती म्हणाली, आणि एकेक काडतूस खाणीतल्या पाण्यात भिरकावलं.

मग आम्ही डेल्बर्टच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. तिथे सकाळपासून कॉफी ढोसत बसणारे चार बापे असतात. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढाच त्यांचा उद्योग. डेल्बर्ट तसा भला माणूस, ओलेटाच्याच वर्गातला. त्यानं भलं थोरलं काडतूस काढून काचेवर ठेवलं.

"हे घे, ओलेटा. अस्वल आडवं होईल."

"अस्वलाशी नव्हतं माझं लग्न झालं."

बापे खिदळले. त्यातला एक म्हणाला, "बायकांसाठी गुलाबी डबीतली येतात बघ, हलकीफुलकी."

"तुझ्या आईसाठी ने. तिनं तुला पोसलं, तिलाच जास्त गरज आहे."

मला मात्र हसू येत नव्हतं. इतके दिवस गिळून ठेवलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "डेल्बर्ट, हिच्या दारासमोर माझ्या पोरींचा पलंग आहे. हिची गोळी रॉयसच्या आरपार गेली, नाहीतर त्याला लागलीच नाही, तर पुढे कुठे जाईल?"

ओलेटा माझ्यावर उसळली. "मला कळत नाही वाटतं? तुला वाटतं मी रात्री ढाराढूर झोपते? अगं, तेच तर विचारायला आलेय मी इथे!" मग डेल्बर्टकडे वळून म्हणाली, "सांग आता. माणसाला थांबवेल आणि पत्र्याला भिऊन थांबेल, अशी गोळी आहे का तुझ्याकडे?"

डेल्बर्टनं डोकं खाजवलं. मग स्वतःच्या कपाटातून तऱ्हेतऱ्हेची थोडी थोडी सुटी काडतुसं काढून कागदी पिशवीत घातली. "रविवारी येतो मी. मारूनच बघू."

रविवारी चर्च सुटल्यावर निम्मी वस्ती घडीच्या खुर्च्या आणि गोड गार चहा घेऊन खाणीवर हजर. आमच्याकडे करमणूक स्वस्त असते. ओलेटानं पडक्या ट्रेलरच्या भिंतीचा एक तुकडा ओढत आणला होता, पत्र्यासकट. त्याच्यापुढे शाळेतून आणलेले दुधाचे रिकामे कॅन पाण्यानं भरून ठेवले. आणि कॅनवर रॉयसची जुनी जीन्स घड्या घालून टाकली. "दुसऱ्या कुणाची कशाला फाडू?" म्हणाली.

पहिली अस्वलवाली. आवाजानं कानठळ्या बसल्या, रिव्हॉल्वर तिच्या कपाळापर्यंत उडालं, आणि गोळी जीन्स, कॅन, भिंत सगळ्यांना भोक पाडून मागच्या मातीत शिरली. ओलेटा मनगट चोळत राहिली. "दुसऱ्यांदा नेम धरीपर्यंत तो माझं जेवण जेवून हातही धुवेल," ती म्हणाली.

मग सापासाठी असतात ती छर्र्यांची. त्यांनी भिंतीला ओरखडाही काढला नाही. माझा जीव भांड्यात पडला. पण जीन्स उलगडून बघतो तर छर्रे पहिल्या घडीतच अडकलेले.

"सापाला पुरेत," डेल्बर्ट म्हणाला, "पण साप जीन्स घालत नाही."

शेवटी पोकळ टोकाची. ही आत शिरली की फुलते आणि तिचा जोर तिथेच जिरतो, असं डेल्बर्टचं म्हणणं. दारू जरा बेताची, त्यामुळे हाताला झटका कमी. ओलेटानं लागोपाठ सगळ्या मारल्या आणि सगळ्या कॅनवर बसल्या. कॅन फाटून पाणी उडालं, पोरांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र भिंतीकडे धावले. कॅनमधून निघालेली एक गोळी पत्र्याला वाकवून पडली होती. पण कॅनची नुसती कड फोडून गेलेली एक सरळ आरपार. त्या भोकातून मला पलीकडचं गवत दिसत होतं.

डेल्बर्टनं टोपी काढली. "पोरी, खोटं कशाला सांगू? माणसाला थांबवणारी गोळी असल्या भिंतीला जुमानत नाही. तशी गोळी कुणीच बनवत नाही."

ओलेटानं त्या भोकात आपलं वाकडं बोट घालून पाहिलं. मग डेल्बर्टनं सोबत आणलेली पोकळ टोकाची एक डबी विकत घेऊन पिशवीत टाकली. "हीच. माझ्या हातून मी म्हणेन तिथे जाते, तेवढं बास. भिंतीचं मी बघते."

"काय बघणार तुम्ही?" मी चिडून म्हणाले. "भिंत काय विटांची बांधणार?"

"घरी चल, मार्ला. आणि तोंड मिट, माशी जाईल."

पुढचा आठवडाभर तिच्या घरातून सामान सरकवल्याचा आवाज येत होता. शनिवारी तिनं मला बोलावलं. बैठकीच्या खोलीतून मागच्या झोपायच्या खोलीपर्यंत ट्रेलरच्या लांबीनं एक बोळ जातो. तो तिनं झाडून मोकळा केला होता. कपाट नाही, फोटो नाही, काही नाही. बैठकीतला दिवा बोळाच्या तोंडाशी आणून ठेवला होता. आणि मागच्या टोकाला, झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यावर, तिची लाकडी खुर्ची.

"मी इथे. दार इथून तिरपं दिसतं. तो बोळात शिरला की त्याच्या मागे बैठक, बैठकीची टोकाची भिंत, आणि भिंतीपलीकडे रेल्वेच्या रुळांचा मातीचा बांध. जाऊ दे गोळी कुठे जायची ती. बांधाला दोन भोकं पडली तर रेल्वे काही रडत नाही."

"पण मिस ओलेटा, म्हणजे त्याला आत येऊ देणार तुम्ही? बोळापर्यंत?"

"दारातून झाडायची नाही. दारापलीकडे तुझ्या पोरी आहेत."

"दार फोडत असेल तो! जगात कुणीही तेव्हाच गोळी घालेल."

"जगात दुसऱ्या कुणाचं दार तुझ्या पोरींसमोर नाही." तिनं खुर्चीवर उशी टाकली. "गोळी निवडली तेव्हाच हेही निवडलं मी. आता कटकट करू नकोस, मला जागेवरून बसून-उठून बघू दे."

मी घरी आले आणि पलंग खिडकीपासून काढून पलीकडे सारला. तेवढंच माझ्या हाती होतं.

रॉयस आला तो मे महिन्यात, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी. मुली बीन्स आणि मक्याचा ब्रेड खात होत्या. त्याच्या ट्रकचा आवाज आला, मागोमाग तिच्या नावाची शिवी. आमच्याकडे वादळ आलं की पोरांना न्हाणीच्या टबात झोपवून वर गादी टाकतात, हे मुलींना पाठ होतं. नुसतं "टब!" म्हणताच दोघी पळाल्या. मी गादी टाकली, शेरीफला फोन केला. शेरीफचा माणूस डोंगर उतरून यायला वेळ लागतोच. मग मी खिडकीशी धावले.

रॉयस लाथा घालत होता. मी खिडकीची चौकट घट्ट धरून उभी होते. आता झाडेल, आता झाडेल. दार तुटून आत पडलं. गोळीचा आवाज नाही. तो उंबऱ्यात उभा होता, माझ्याकडे पाठ. हातात लोखंडी पहार. आणि आतून ओलेटाचा आवाज आला, शाळेत रांगेतल्या पोराला बोलवावं तसा.

"ये, रॉयस. पुढे ये."

तो हसला. "अजून आहेस होय इथेच?"

"घर माझंच आहे ना. ये, उंबऱ्यात का अडलास? इतकी वर्षं मी मागे सरकले. आज तू जरा पुढे ये."

तो जागचा हलेना. मला त्याची मान दिसत होती, ताठ झालेली. जन्मभर ही बाई त्याला पाहून भिंतीला चिकटली होती, आणि आज ती उजेडाच्या पलीकडे अंधारात बसून त्याला बोलावत होती.

"वेडी झाली आहेस तू," तो म्हणाला.

"असेन. ये पुढे. ये ना रे!"

त्यानं पहार खाली केली. मग एक पाय मागे, मग दुसरा. पायरी चुकली आणि तो तिनं जुन्या टायरात लावलेल्या टोमॅटोंवर पडला, उठला, ट्रकमध्ये बसला आणि सुटला. पुलावर शेरीफच्या माणसानं त्याला धरलं. कोर्टाची बंदी मोडली म्हणून परत आत गेला, आणि या खेपेला बऱ्याच काळासाठी.

मी धावत तिच्या घरी गेले. ती खुर्चीतच होती. रिव्हॉल्वर मांडीवर. मी तिच्या गळ्यात पडले.

"काय छातीची बाई तुम्ही! पुढे ये म्हणाल्यात त्याला! अशी घाबरगुंडी उडवलीत त्याची!"

"घाबरवत कुठे होते?" तिनं मला दूर ढकललं. डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही. "विनवत होते त्याला. उंबऱ्यात होता तिथे मला झाडता येत नव्हतं. त्याच्या खांद्यामागे नेमकी तुझी खिडकी, आणि खिडकीत तू! गाढवासारखी, डोळे फाडून! पोरींना टबात घातलंस, आणि स्वतः?"

तो पहार उगारून धावला असता, तर बोळात शिरेपर्यंत ती थांबली असती. नसता शिरला तर नुसती बसून राहिली असती. माझ्यासाठी. मी जमिनीवर बसले आणि हुंदके देऊन रडले.

तिनं काडतुसं एकेक करून बाहेर काढली, डबीत ठेवली, आणि मुद्दाम तेलाची बाटली दूर सारली. मग तुटलेलं दार उभं केलं. टल्साच्या बहिणीचा फोन वाजत होता. तिनं तो वाजू दिला.

"रडणं झालं की हे दार धर," ती म्हणाली. "बिजागऱ्या बसवायच्यात. मी उघड्या घरात झोपत नाही."