रविवारची मोजणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला निम्मं ठाऊक असावं असं कधी कधी वाटतं — पण तिने विचारलं नाही आणि मी बोललो नाही. चार वर्षं झाली. आता तुम्हाला सांगतो आहे. का तुम्हालाच, ते विचारू नका. मलाही नीट सांगता येणार नाही.

मी लातूरच्या एका शाळेत गणित शिकवतो. आकड्यांच्या बाबतीत मी काटेकोर आहे, असं कॉलनीत सगळे म्हणतात. टँकर खरंच किती लिटरचा निघाला, बोअरचं पाणी किती मिनिटांनी तुटतं — लोक मला येऊन विचारतात. सर चहात साखरेचे दाणे मोजून टाकतात, अशी आमच्या नगरसेविका ताई थट्टा करायच्या. मला ती थट्टा आवडायची. फार आवडायची. हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं.

माझ्या घरासमोर रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे महापालिकेची बाग, तिचं गेट माझ्या गेटच्या जवळपास समोर. रस्त्याच्या टोकाला तीन क्लासेस. पावणेसहाला ते सुटले की अर्धा तास नुसत्या स्कूट्या, मोटरसायकली, मुलांना घ्यायला आलेले ऑटो. मागच्या गल्लीत बिराजदार बाईंचं किराणा दुकान आहे. त्यांच्या यजमानांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, डावा पाय ओढत चालायचे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि जवळ सपाट जागा म्हणजे ही बागच. बाई त्यांचा हात धरून सकाळी सातला आणायच्या. रस्ता ओलांडायला अप्पांना बेचाळीस सेकंद लागायचे. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं.

बाईंनी बागेच्या गेटसमोर गतिरोधक व्हावा म्हणून अर्ज केला. दुकान सुनेवर सोडून घरोघर सह्या गोळा केल्या. पहिली सही माझी आहे.

प्रभागाच्या बैठकीत तीन मागण्या होत्या — बागेत दिवे, रस्त्याचे खड्डे आणि हा गतिरोधक. सगळं एकदम होणार नव्हतं. महापालिकेच्या इंजिनिअर साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: अर्ज येईल तिथे गतिरोधक केले तर अँब्युलन्सही अडते आणि लोकांच्या पाठीही मोडतात. आधी गर्दीच्या तासाला गाड्या किती जातात ते मोजा. आकडा भरला तर, ते म्हणाले, मी स्वतः येतो, रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत मापतो आणि जागा आखून देतो.

"मोजायला सर हायत की," ताई म्हणाल्या. "सरांचा आकडा आला म्हणल्यावर कोण बोलतंय पुन्हा?"

लोक हसले. बिराजदार बाईंनी माझ्याकडे बघून हात जोडले. आणि मी? मी त्या वेळी गाड्यांचा विचार करत नव्हतो. 'या कडेपासून त्या कडेपर्यंत' एवढंच माझ्या कानात राहिलं होतं.

कारण माझ्या गेटसमोर सिमेंटचा रॅम्प होता. गाडी आत घ्यायला नालीवरून बांधलेला. नालीपर्यंत असता तर गोष्ट वेगळी. तो नालीच्या पुढे अडीच फूट रस्त्यात होता. बांधताना गवंड्याने विचारलं होतं, मी हो म्हणालो होतो. दुसऱ्यांच्या ओट्यांवर, पायऱ्यांवर बैठकीत सगळ्यात आधी बोलणारा मी — आणि टेप धरली की माझेच अडीच फूट निघणार. दंडाची भीती नव्हती. चारचौघांसमोर कुणीतरी टेपवरचा आकडा मोठ्याने वाचेल, याची होती. एवढंच होतं ते. तेव्हा मला ते केवढं वाटत होतं.

मी दोनदा मोजलं.

पहिल्यांदा गुरुवारी, साडेपाच ते साडेसहा. गेटजवळ खुर्ची टाकून, पाच-पाचच्या रेघा मारत. चारशे अडतीस. तो कागद घडी करून कपाटात ठेवला. मग रविवारी त्याच वेळी तीच खुर्ची टाकून पुन्हा मोजलं. रविवारी क्लास बंद असतात. एकाहत्तर. बायकोने विचारलं, झालं होतं ना मोजून, परत कशाला? खात्रीसाठी, म्हणालो.

महापालिकेच्या नमुन्यात तारखेचा रकाना होता. वाराचा नव्हता. मी तारीख खरी लिहिली, वेळ खरी लिहिली, आकडा खरा लिहिला आणि सही केली. तुम्ही तो कागद आज काढून तपासलात तरी त्यात एकही खोटं अक्षर सापडणार नाही. ह्याचा मला तेव्हा — कसं सांगू — आधार वाटला होता. मुलांना मी शिकवतो की उत्तर बरोबर असलं तरी रीत तपासली जाते. माझी रीत कोण तपासणार?

बैठकीत माझा आकडा वाचून दाखवला गेला. सायंकाळी साडेपाच ते साडेसहा, वाहने एकाहत्तर. गतिरोधकाची गरज दिसत नाही; दिवे आधी घ्यावेत. पाटीवरचं उतरवून घ्यावं तसं बिराजदार बाईंनी पिशवीतल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी ते पाहिलं. पाहून काहीच वाटलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते यापुढचं आहे. आकड्याचं सांगून थांबता आलं असतं, नाही? एक चूक झाली, म्हणून सुटता आलं असतं. पण पुढच्या सोमवारी संध्याकाळी साडेपाचला मी व्हरांड्यात बसलो होतो आणि बिराजदार बाई अप्पांना घेऊन आल्या. सकाळी नाही, संध्याकाळी. रस्ता ओलांडून बागेत गेल्या. सहाच्या सुमारास परत निघाल्या तेव्हा क्लास सुटले होते. दोघं बागेच्या कडेला उभी राहिली, गाड्या संपेनात. एका जागी उभं राहून अप्पांचा पाय थरथरायला लागला, तेव्हा बाईंनी हात वर करून त्यांना तसंच अलीकडे आणलं. मंगळवारी तेच. बुधवारी तेच.

त्यांनी वेळ का बदलली ते मला सोमवारीच कळलं होतं. वहीत काय उतरवलं होतं तेही. गेट उघडून दहा पावलं जायचं होतं. 'बाई, या वेळेला आणू नका, सकाळीच बरं' — एवढं वाक्य होतं. कारणही सांगायची गरज नव्हती. पण त्या म्हणाल्या असत्या, सर, तुम्हीच तर मोजलंत. मग मी काय बोललो असतो? रोज ठरवायचो, उद्या बोलू. रोज ती दोघं माझ्या रॅम्पपाशी आली की बाई अप्पांना कडेवरून रस्त्यात घ्यायच्या, रॅम्पला वळसा घालायच्या आणि पुन्हा कडेला यायच्या. जाताना माझ्याकडे बघून मान हलवायच्या. मीही हलवायचो.

सहा दिवस. सोमवार ते शनिवार.

शनिवारी तो वळसा घालताना क्लासच्या एका मुलीची स्कूटी अप्पांना लागली. ती फार जोरात नव्हती. समोरून आलेल्या ऑटोला चुकवायला तिने गाडी कडेला घेतली आणि कडेला अप्पा होते. ती मुलगी रस्त्यातच बसून रडत होती. अप्पांना मी उचललं — मीच, पहिला पोचलो — ऑटोत घातलं, दवाखान्यात रात्रभर थांबलो. खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. अप्पा त्यानंतर उभे राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. रस्ता रिकामा होता.

दवाखान्याच्या बाकावर बाईंनीच विषय काढला. मी विचारलं नव्हतं.

"तुमी मोजलेलं हाय म्हणून तर मी त्या टायमाला न्यायलते, सर. सकाळी दुकानात दुधा-ब्रेडची गर्दी असतीय. गाड्या दिसायलत्या हो मला, लई दिसायलत्या. मला वाटायचं, आजच जास्ती हायत."

आजच जास्ती आहेत. सहा दिवस त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, माझ्या आकड्यावर ठेवला. मग त्या म्हणाल्या की त्या मुलीवर केस करायची नाही, लेकराचं वर्ष वाया जाईल. चूक आपलीच, सकाळी न्यायला पाहिजे होतं. मी मान हलवली. त्यांना चहा आणून दिला.

पुढच्या महिन्यात गतिरोधक झाला. कामगार सकाळी आले, नुसत्या नजरेने जागा धरली आणि दुपारपर्यंत डांबर टाकून गेले. कुणी टेप काढली नाही. माझ्या रॅम्पकडे कुणी पाहिलंही नाही. तो मीच पुढे फोडून घेतला. नाली साफ करायची आहे, असं सांगितलं. ताईंनी बैठकीत माझं उदाहरण दिलं — सरांसारखं स्वतःहून मागे सरका. टाळ्या पडल्या, मी बसून घेतल्या.

गुरुवारचा कागद अजून माझ्याकडे आहे. फाडला नाही. का, ते माहीत नाही.

गेल्या आठवड्यात बिराजदार बाई घरी आल्या होत्या. अप्पांना आता चाकाची खुर्ची आणली आहे, बागेत न्यावं म्हणतात. हातात तीच वही होती. बायकोने पाणी आणून दिलं आणि ती तिथेच उभी राहिली. बाईंनी वही उघडली, पेन काढलं आणि मला विचारलं, सर, कोणत्या टायमाला गाड्या कमी असत्यात?

"सकाळी सहा ते सात," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. बायको माझ्याकडे बघत होती. मी वहीकडे बघत होतो. पहिलं पान अजून तसंच होतं — साडेपाच ते साडेसहा, एकाहत्तर, आणि पुढे, बारीक अक्षरात, सरांनी मोजलेलं.