एकाच भाकरीवाल्याचा ठराव

भाकरीचा तुकडा मोडायचा, समोरच्याच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "आदी खा. नाय आवडली तं घेव नको." मावशींचा धंदा रोज असा सुरू व्हायचा. विकणारी माणसं तुम्हीही खूप पाहिली असतील. पण गिऱ्हाइकाला 'नको' म्हणायची मुभा आधी देऊन मग टोपली उघडणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

वयानं त्या माझ्याच बरोबरीच्या, तरी अख्ख्या टॉवरच्या मावशी. घणसोली गावातून रस्ता ओलांडून सकाळी अकराला तांदळाच्या भाकऱ्या घेऊन यायच्या. पातळ, पांढरीशुभ्र आणि दुपारपर्यंत मऊ राहणारी भाकरी. घरी दोन सुना त्यांच्याबरोबर थापायला बसायच्या. तिघींचं घर आमच्या टॉवरच्या भुकेवर चालायचं.

आणि मी रेशनिंग ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस. 'परवाना' हा शब्द ऐकला की मला अजूनही बरं वाटतं. सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा बायको म्हणाली होती, "आता लोकांचं काही खरं नाही." मी लगेच कामाला लागलो. खाण्याचे पदार्थ पुरवणारा माणूस एकच असावा, तो कमिटीनं नेमावा, बाकीच्यांना गेट बंद, असा ठराव केला. खाली कारणं लिहिली: सुरक्षा, स्वच्छता, शिस्त. लिहिताना फार भारदस्त वाटलं. मग कमिटीनं एक केटरर नेमला. त्याच्या माणसांच्या डोक्यावर टोप्या असायच्या, भाकरी मात्र चामड्यासारखी.

दुसऱ्याच दिवशी मावशींना गेटवर अडवलं. वॉचमननं मला खाली बोलावलं.

"सायेब, माजा काय चुकला?"

"चुकलं काही नाही. नियम आहे. कमिटीचा."

"मंग भाकरी खानार कोन? कमिटी?"

मी स्वच्छतेचं बोललो. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपलेला, अन्नखात्याच्या नोंदणीचा कागद काढला. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. सवयीनं मी तो दोनदा वाचला.

"सरकारानं माजा पानी बगावा, पीठ बगावा, घान असंल तं दंड मारावा. त्या त्याचा कामच हाय. पन माजी भाकरी कोनी खायाची, त्या खानारा ठरवील."

तरीही मी गेट उघडलं नाही. नियम तो नियम.

चार दिवसांनी गेटवरची वही तपासायला घेतली, तर घामच फुटला. सहाशे दोनकडे पाहुणी. अकराशे चारकडे पाहुणी. पानंच्या पानं पाहुणीनं भरलेली, आणि सगळीकडे बाई एकच! कामाच्या रकान्यात 'भेट'. आपल्या घरी कोणी यावं हे ठरवायला कमिटीची परवानगी लागत नाही, हे लोकांनी बरोबर हेरलं होतं. एक नोंद तर आमच्याच फ्लॅटची. अक्षर बायकोचं.

"मग चार दिवस तुम्ही कोणाची भाकरी खाताय असं वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली.

रविवारी पार्किंगमध्ये सभा बोलावली. मावशींनाही बोलावलं. ठेवणीतलं लुगडं नेसून त्या मागे उभ्या राहिल्या. लोक तापलेलेच होते. एकानं उठून सुचवलं, "केटररला काढा. मावशींना नेमा. यापुढे फक्त मावशी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मलाही हायसं वाटलं. ठराव तसाच राहणार होता, फक्त नाव बदलायचं. मी पेन उघडलं.

"नको," मावशी म्हणाल्या.

सगळे मागे वळले.

"तुमी बसलाव तिथं आमची खाचरं व्हती. भात पिकायचा. एक दिस सरकारानं सांगितला, जमीन आमीच घेनार, भाव पन आमीच ठरवनार. दुसरा गिराइक नाय. माजा सासरा सही करून आला न दोन दिस जेवला नाय. घेनारा एकच असला का काय व्हतं, त्या माना म्हाईत हाय. मंग इकनारा पन एकच नको. यो टोपीवाला बी येव दे. माजी भाकरी चांगली असंल तं माजी घेतील. नसंल तं मी शिकन."

आणि लगेच पदर खोचून म्हणाल्या, "येतंय मी. उकड काढून आलंय, निवंल ती."

मतदानाला त्या थांबल्याच नाहीत. ठराव रद्द करायला सगळे हात वर गेले. माझाही गेला. आयुष्यभर मी नियम केले आणि राबवले. स्वतःचा नियम स्वतःच्या हातानं पहिल्यांदाच पाडला, आणि खोटं कशाला सांगू, छाती अभिमानानं भरून आली.

पुढे काही महिन्यांनी तो केटररच मावशींकडून भाकऱ्या घ्यायला लागला. मग जुईनगरला त्यांचं स्वतःचं दुकान झालं, आता नेरूळलाही एक आहे. सुना गल्ल्यावर बसतात. मावशी आमच्या गेटवर येत नाहीत, आणि अकरा वाजले की मला फार चुकल्यासारखं होतं.

पण मला मावशी आठवतात त्या सभेच्या रविवारच्याच. सभा संपल्याबरोबर मी धावत सुटलो. मावशी रस्त्याच्या मधोमध पोचल्या होत्या.

"मावशी, जिंकलात! सगळ्यांचे हात वर!"

त्या दुभाजकावर थांबल्या, वळल्या आणि तिथूनच हसत ओरडल्या, "मी कवा अडकले व्हते? तुमीच गेट लावून आत बसला व्हताव!"

आणि झपाझप गावाकडे निघून गेल्या.