बुजवलेली बाल्कनी

अल्जीरियातल्या ओरानमध्ये फ्रेंचांनी घरं बांधली ती रस्त्याकडे तोंड करून. आमची घरं आत वळलेली: मध्ये अंगण, अंगणात अंजीर, वर आभाळ, बाहेर नुसती भिंत. साहेब लोक संध्याकाळी बाल्कनीत बसायचे. ते रस्त्याला बघायचे, रस्ता त्यांना. स्वातंत्र्य आलं, साहेब बोटीत बसून गेले आणि त्यांच्या चौथ्या मजल्यावर बख्ता नवऱ्याबरोबर राहायला आली.

पहिल्याच आठवड्यात ती कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली, तर समोरच्या कॉफीच्या दुकानातली सगळी डोकी वर झाली.

"ही बाल्कनी बुजवा, नाहीतर मला माहेरी पोचवा," तिने नवऱ्याला बजावलं.

नवऱ्याने विटा आणल्या. शेजारीपाजारी सगळे तेच करत होते. एक खोली वाढली, आडोसा झाला, बख्ता खूश झाली.

पुढे नवरा गेला, गुडघे गेले, लिफ्ट तर केव्हाच गेली होती. बख्ताला खाली उतरून वर्षं लोटली. घरात दुसरी खिडकी नव्हती; दिवसाही दिवा लावून ती बसायची आणि माहेरच्या अंगणावरचं आभाळ आठवून तिचा जीव गुदमरायचा. मरण्याआधी आभाळ एकदा बघायचं, एवढंच तिचं मागणं. पण बाल्कनीच्या त्या खोलीत आता मुलगा मिलूद आणि सून सिहेम झोपत होती. त्यांना दुसरी जागा कुठे होती?

"यम्मा, तूच बुजवायला लावलीस ना?" मिलूद म्हणायचा.

"लावली. तेव्हा गुडघे होते, अक्कल नव्हती."

रोजच्या कटकटीला कंटाळून त्याने अखेर छिन्नी-हातोडा घेतला. "एक वीट काढतो. दुसरी मागू नकोस."

वीट निघाली. उजेड थेट सिहेमच्या उशीवर पडला. बख्ताने भोकाला डोळा लावला. आभाळ इतकं निळं असतं हे ती विसरूनच गेली होती. तिला रडू फुटलं.

सिहेमनेही डोकावून पाहिलं आणि ती झटकन मागे सरली. ठोकाठोकी ऐकून दुकानातली डोकी वर झाली होती.

"लाल्ला, ते बघतायत," ती सासूला म्हणाली.

"एवढ्याशा भोकातून काय दिसणार गं त्यांना?"

"नसेल दिसत. पण मला इथे झोप लागायची नाही."

सवय होईल, असं बख्ताच्या ओठांवर आलं होतं. पण सिहेमसारखाच आवाज तिने एकदा नवऱ्यासमोर काढला होता. तिने वाकून वीट उचलली आणि मिलूदच्या हातात दिली.

"सिमेंट कालव. तोवर मी इथेच बसते."

मिलूदने सिमेंट फार सावकाश कालवलं.