साहेब आनी आमी सोलनाऱ्या बायका

"ठीक. पुढे?"

साहेबांचा हा शब्द. कायबी सांगा, पंप बिघडला सांगा, वाडीत नाग निघाला सांगा, हात मागं बांधून ऐकून घ्यायचे आनी म्हनायचे, "ठीक. पुढे?" वादळानं निम्मी वाडी झोपवली तवा मी रडतच गेले सांगायला. माझ्या घरावर एक कौल राह्यलं नव्हतं. वाटलं, आता तरी कपाळाला हात लावतील. न्हाय. "माणसं सगळी आहेत ना? ठीक. पुढे?" आनी कोयता घेऊन रस्त्यावरची झाडं तोडायला निघाले बी.

फौजेत मोठे अधिकारी व्हते. रिटायर होऊन आमच्या दिवेआगरात वाडी घेतली. बायको आधीच गेलेली, लेक परदेशी. आमी चार बायका त्यांच्याकडं सुपारी सोलायला जायचो. नवरा गेला तवापासनं मी सोलतेय, बोटं बघा कशी झालीत.

पयल्या वर्षी आमी त्यांच्यावर रुसलो व्हतो. दुपारी आमी भाकऱ्या सोडायचो, त्यांना बोलवायचो. ते म्हनायचे, "तुम्ही घ्या, मी मागून." रोजचं तेच. आमच्यातली सरूबाय तोंडाची फटकळ. ती म्हनली, "आपल्या हातचं चालत न्हाय म्हाताऱ्याला." झालं, आमी बोलवायचं बंद केलं. मग एक दिवस तेच आले. "काय हो, माझी भाकरी का बंद झाली?"

सरूबायनं तोंडावर सांगितलं. साहेब हसता हसता खोकायला लागले. "अहो, फौजेत अधिकारी सगळ्यांची ताटं भरल्यावर बसतो. सवय जात नाही."

"आता रिटायर झालाव ना?" सरूबाय म्हनली. "मग बसा पयल्या पंगतीला. सुकटीची चटनी मागनं उरत न्हाय."

बसले. पन अवघडून.

माझी एक नात. तिचे आईबाप एका अपघातात गेले, मीच वाढवली. कॉलेजात शिकत व्हती. साहेबांच्या गोष्टी ऐकून तिनं मनात घेतलं, फौजेत अधिकारी व्हायचं. मला ती एकच. मी साहेबांना गाठलं. म्हटलं, "तुमी न्हाय म्हना. तुमचं ऐकंल ती."

"नाही म्हणणार नाही. काय काय होतं ते सांगतो, मग तुम्ही दोघी ठरवा."

दोघींना पडवीत बसवलं. कायबी गोड करून सांगितलं न्हाय. दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं. पत्र्याच्या ट्रंका कधी धड उघडून होत न्हाईत. मित्र मिळतात ते जन्माचे. हसनं पुष्कळ. सनाला घरी नसायचं. "माझी आई गेली तेव्हा मी पोचलो नाही," म्हनाले. "आणि हाताखाली जी पोरं येतात, त्यांच्या आयांनी तुला कधी पाहिलेलंही नसतं. तरी पोर तुझ्या हाती दिलेलं असतं. हे सगळ्यात जड."

मी नातीच्या तोंडाकडं बघितलं. तिचं ठरलेलं व्हतं. म्हटलं, जा.

पाच दिवसांची परीक्षा असते म्हने. पयल्या खेपेला नापास होऊन आली. साहेबांनी इचारलं, काय झालं. म्हनली, "खड्डा पार करायचा व्हता, फळ्या आनी दोर घेऊन. मी सगळं उचललं, पयली पलीकडं गेले."

"आणि बाकीचे?"

"ते अलीकडंच."

"मग कोण पास करणार तुला?"

मीच तिला तसं वाढवलेलं. कुनाकडं मागायचं न्हाय, आपलं आपन उचलायचं. आमचा जन्म तसाच गेला.

साहेबांनी वाडीतल्या पान्याच्या पाटात चिखल करवला. पडलेली पोफळीची खोडं, सुंभाचा दोर, एक रिकामं पिंप. आनी फौज कोन? आमी सोलनाऱ्या बायका. खोडांवरनं समद्यांनी पलीकडं जायचं, चिखलाला पाय लागला की परत पयल्यापासनं. सरूबाय तर आल्या आल्या चिखलात बसली. नात वरडायला लागली, "असं न्हाय गो, असं!"

"तूच जा बाय. आमी चा पितो," सरूबाय म्हनली.

"ऐकलंस?" साहेब म्हनाले. "तुझी फौज चहाला चालली."

हळूहळू जमत गेलं. मग माझी पाळी आली. माझा गुडघा वाकत न्हाय. खोडावर एक पाय टाकला नि थिजले. नात धावली, मला उचलायला वाकली.

"उचलू नकोस," साहेब म्हनाले. "विचार तिला."

ती थांबली. "आज्ये, तुला कसं जमंल?"

मला असं कुनी कधी इचारलं नव्हतं. लगीन, घर, काम, सगळं दुसऱ्यांनी सांगितलं नि मी केलं. मी जरा इचार केला. म्हटलं, "बसून."

लुगडं खोचलं, घोड्यावर बसल्यागत खोडावर बसले आनी सरकत निघाले. पुढनं सरूबाय दोर वढतेय, मागनं नात धरतेय, बायका हसून हसून वाकल्यात. पलीकडं पोचले. साहेब गेले आत आनी स्वता चा टाकून घेऊन आले.

पुढच्या खेपेला पोर पास झाली. साहेब मला म्हनाले, "आता तुमचंही ट्रेनिंग सुरू. वाट बघायचं."

यंदा थंडीत साहेब गेले. सकाळी, खुर्चीत बसल्या जागी. आमच्यात बायका स्मशानात जात न्हाईत. आमी चौघी गेलो. कुनी अडवलं न्हाय.

नातीला फोन केला. ती आता लांब डोंगरात अधिकारी हाय. "आज्ये, मला यायचंय गो. पन माझे जवान वर बर्फात अडकलेत."

"खाली आले?"

"अजून न्हाय."

"मग तू कुठं निघालीस? पोरं खाली आन. मग फोन कर."

दिवसभर फोन कमरेला खोचून वाडीत हिंडले. पाटाला पानी सोडलं, झावळ्या गोळा केल्या. सांजेला वाजला.

"आले," ती म्हनली.

"समदे?"

"समदे."

मग कुठं आमी दोघी साहेबांसाठी रडलो.